तक्त्याबाहेरचा आकडा

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत नोकरीला होते. आत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. खोलीत एअर कंडिशनर होता, त्यामुळे मे महिन्यात निम्म्या दवाखान्याला माझ्याकडे काही ना काही काम निघे. पावसाळ्यात मात्र कोणी फिरकत नसे. तेव्हा सगळ्यांची धाव लहान मुलांच्या वॉर्डाकडे असायची.

विहिरींचं पाणी गढूळ झालं की हगवणीची लेकरं यायला लागत. देवळीकडून, हिंगणीकडून, पवनारच्या पुढच्या खेड्यांतून. कुणी एसटीने, कुणी बैलबंडीतून. डोळे खोल गेलेली, रडायचंही विसरलेली लेकरं. त्यांना शिरेतून सलाईन द्यावं लागे, आणि ते मिनिटाला किती थेंबांनी सोडायचं हे वजनावर, वयावर आणि अंगातलं पाणी किती आटलंय यावर ठरे. थेंब कमी पडले तर लेकरू सुकून जातं. जास्त पडले तर फुप्फुसात पाणी होतं.

हे गणित शिकाऊ डॉक्टर कागदावर करत. वॉर्डाच्या प्रमुख एक डॉक्टर मॅडम होत्या. केस पिकलेले, आवाज हळू, आणि कुणाला रागावल्या तरी त्याच आवाजात रागवायच्या. एका सकाळी त्या चपला काढून माझ्या खोलीत आल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या.

"ही पोरं दोन-दोन दिवस झोपत नाहीत," त्या म्हणाल्या. "झोप नसलेल्या माणसाला भागाकार करायला लावू नये. तुझं मशीन करेल का?"

मी हो म्हणाले. तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं.

मी मूळची देवळीची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नागपूरला शिकायला गेले, तेव्हा प्रोग्राम भोकं पाडलेल्या पंचकार्डांवर जायचा आणि चूक काय झाली ते दुसऱ्या दिवशी कळायचं. माझ्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चुकायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण ते अंगात भिनलेलं होतं. एका कार्डावर एक भोक चुकीचं पडलं तर मी सगळी कार्डं पहिल्यापासून पुन्हा तपासायचे. नोकरी लागल्यावर ते कमी होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

मॅडमनी मला एक तक्ता दिला. प्रत्येक किलो वजनासमोर वयाप्रमाणे आकडे, लहानात लहान लेकरापासून पंचवीस किलोच्या पोरापर्यंत. माझा प्रोग्राम वय आणि वजन विचारायचा, वजन तक्त्याच्या हद्दीत आहे का ते तपासायचा, नसेल तर पुन्हा विचारायचा. मग कागदावर वर नाव, वय, खाट क्रमांक छापायचा आणि शेवटी तक्त्यातली ती ओळ काढून थेंबांचा आकडा द्यायचा. एवढंच काम.

त्याच सुमारास पुण्याहून आमच्याकडे नवा कंपायलर आला. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. जुना कंपायलर नुसता उतरवून द्यायचा. नवा त्याच्यापेक्षा चौकस होता. प्रोग्राम वाचता वाचता तो प्रत्येक आकड्याचा माग ठेवायचा, की हा कमीत कमी किती असू शकतो आणि जास्तीत जास्त किती. कुठे तो आकडा हद्दीबाहेर जाईल असं वाटलं तर सावध करायचा.

मी थेंबांचा प्रोग्राम त्याला दिला आणि पडद्यावर ओळ आली, की अमुक ठिकाणी तक्त्याच्या हद्दीबाहेरचं वजन वापरलं जाऊ शकतं.

ती ओळ मी तीनदा वाचली. तक्त्याबाहेर पाय पडला तर आमचं मशीन थांबत नसे. मेमरीत तक्त्याच्या शेजारी जे काही पडलेलं असेल ते उचलायचं आणि थेंबांचा आकडा म्हणून छापून मोकळं व्हायचं. तो कागद बाकीच्या कागदांसारखाच दिसला असता. झोप न झालेल्या डॉक्टरने तो बघून सलाईनच्या नळीवरची, थेंब कमी-जास्त करायची चकती फिरवली असती.

मी प्रोग्राम पुन्हा वाचला. वजन तपासणाऱ्या ओळी जागेवर होत्या. मी मशीनला शून्य किलो सांगितलं, त्याने नाकारलं. उणे सांगितलं, नाकारलं. कुणी घाईत एखादं शून्य जास्त मारेल म्हणून तेही करून पाहिलं. काही न लिहिता नुसतं बटण दाबलं. हद्दीतलं प्रत्येक वजन देऊन उत्तर मॅडमच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. सगळं बरोबर आलं. पुन्हा कंपायलरला दिलं, पुन्हा तीच ओळ.

आता मला दोन गोष्टींची भीती होती. कंपायलर खरं सांगत असेल तर माझ्या प्रोग्राममध्ये असं एक भोक आहे जे मला दिसत नाही. खोटं सांगत असेल तर ज्याच्या भरवशावर मी सगळं काम करते तोच भरवशाचा नाही.

ज्यांनी कंपायलर पाठवला होता त्यांना पुण्याला फोन लावला. लाईन मिळेपर्यंत दुपार झाली. पलीकडचा माणूस चांगला होता, घाईत नव्हता.

"ती वॉर्निंग येते बऱ्याच जणांना," तो म्हणाला. "सोडून द्या."

"खोटी आहे का?"

"बहुतेक वेळा खोटीच असते. बंद करायची सोय आहे. सांगू का कशी?"

"माझ्या प्रोग्राममधली खोटी आहे का, ते सांगता येईल का?"

"ते तुम्हालाच बघावं लागेल, ताई."

मॅडमना सांगण्यावाचून इलाज नव्हता. वॉर्डात गेले तर त्या एका लेकराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाणी किती आटलंय ते बघत होत्या. माझं बोलणं त्यांनी तसंच ऐकलं.

"तुला काय वाटतं?"

"खोटी वाटते, मॅडम. पण का येते ते माहीत नाही."

"मग माहीत करून घे. तोवर आम्ही कागदावर करतो." मग कातडी सोडून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "मला वाटणं नको आहे."

खाली येताना जिन्यात आठ-दहा नवीन माणसं बसलेली दिसली, मांडीवर लेकरं घेऊन. वरचा शिकाऊ डॉक्टर कागदावर गुणाकार करत असणार. उशीर केला तरी माझ्यामुळे आणि घाई केली तरी माझ्यामुळे, असं मनात येत राहिलं. त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रामची एक वेगळी प्रत केली आणि तिच्यातून एकेक भाग काढून टाकायला लागले. एक भाग काढायचा, कंपायलरला द्यायचं, ओळ येते का बघायचं. वयाचा भाग काढला, ओळ आली. तक्ता लहान केला, ओळ आली. मधेच दोनदा वीज गेली आणि केलेलं पुन्हा करावं लागलं. शेवटी कागदावर नाव आणि खाट क्रमांक छापणारा भाग काढला. ओळ आली नाही.

मला खरं वाटेना. तो भाग परत घातला, ओळ आली. पुन्हा काढला, गेली.

नाव छापण्याचा आणि वजनाचा काय संबंध? माझ्या मनात पहिलं आलं ते सगळ्यात वाईट, की नाव छापताना कुठेतरी वजन खरंच बदलतंय. लांबलचक नाव आलं तर ते सांडून वजनावर जातंय की काय. तो भाग मीच लिहिला होता, तरी परक्याचं लिखाण तपासावं तसा एकेक अक्षर वाचत गेले. वजनाचं नावसुद्धा त्यात नव्हतं. लांब नाव आलं तर ते कापलं जात होतं. तो भाग निर्दोष होता.

पण तो वेगळ्या फाईलमध्ये होता. दवाखान्याचे सगळेच प्रोग्राम नाव छापायला तोच भाग वापरत, म्हणून मी तो बाजूला ठेवला होता. आणि वजन मी असं ठेवलं होतं की कुठल्याही फाईलमधल्या कुठल्याही भागाला त्याला हात लावता यावा. इथे आल्यावर मला उमगायला लागलं. कंपायलर एका वेळी एकच फाईल वाचतो. वजन तपासलं तेव्हा त्याने नोंद घेतली, की हे आता तक्त्याच्या हद्दीत आहे. पुढे प्रोग्राम नाव छापायला दुसऱ्या फाईलमध्ये गेला. तिथे काय घडतं ते त्याला दिसत नव्हतं. वजनाला हात लावायची मुभा तर तिथेही होती. म्हणून परत आल्यावर त्याने आधीचं कळलेलं सोडून दिलं आणि वजन पुन्हा काहीही असू शकतं असं धरलं. देवळीच्या बसमधला कंडक्टर जसा वाटेत उतरून पुन्हा चढलेल्या माणसाला नव्याने तिकीट विचारतो, तसं.

पण हेही वाटणंच होतं. मी एक अगदी रिकामा भाग लिहिला, ज्यात काहीच होत नाही, आणि तो वेगळ्या फाईलमध्ये ठेवून तपासणी आणि तक्ता यांच्या मध्ये बोलावला. ओळ आली. तोच रिकामा भाग उचलून त्याच फाईलमध्ये आणला. ओळ गेली. काहीच न करणाऱ्या भागाला तो भीत होता, कारण तो त्याला दिसत नव्हता.

मी खुर्चीत मागे टेकले. दोन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागल्याचं जाणवलं.

दुरुस्ती लहानशी होती. तपासलेलं वजन मी त्या जागेपुरत्याच एका खासगी आकड्यात उतरवून घेतलं, ज्याला बाहेरच्या कुणाला हात लावता येत नाही, आणि तक्त्यासाठी तोच वापरला. कंपायलर गप्प झाला.

मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी दोन वेळा नीट समजावून घेतलं.

"म्हणजे तो खोटं सांगत होता?"

"आज खोटं होतं, मॅडम. आज त्या भागात वजन बदलत नाही."

"आणि उद्या दुसऱ्या कुणी त्या भागात काही घातलं असतं, आणि वजन बदललं असतं?"

मला तो प्रश्न सुचलाच नव्हता. सुदैवाने दुरुस्ती अशी केली होती की उद्या तसं झालं तरी आकडा बिघडणार नव्हता. पण हे मी विचार करून केलं नव्हतं.

"सुरू करू," मॅडम म्हणाल्या. "काही दिवस कागदावरही करायचं. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय चकती फिरवायची नाही."

प्रोग्राम सुरू झाला आणि भीती जाईल असं मला वाटत होतं, पण तिने फक्त जागा बदलली. आता मला कंपायलरच्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली. तो सगळं बरोबर आहे म्हणून गप्प आहे, की मीच त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला आहे? वॉर्डात वजन टाकायला एक पडदा आणि एक प्रिंटर बसवला होता. मी दिवसातून कितीदा तरी वर जायचे, काम नसताना. छापलेले कागद बघायचे. सगळे जुळत होते.

अशाच एका दुपारी माझा लहान भाऊ जिन्यात दिसला. तो देवळीजवळ शेती करायचा. कडेवर त्याची मुलगी होती आणि मागे वहिनी, चिखलाने भरलेल्या पायांची.

"ताई, कालपासून पोटात काईच थांबून नाई राह्यलं तिच्या," तो म्हणाला. "सकायपासून डोये नाई उघडले."

मी भाचीला हात लावला. हात-पाय थंड होते. ओठ कोरडे, टाळू आत गेलेली. एरवी मला पाहिलं की ती चष्म्याला हात घालायची. आम्ही धावतच वर गेलो.

शिकाऊ डॉक्टरने तिला काट्यावर ठेवलं आणि सिस्टरला वजन ओरडून सांगितलं. सिस्टरने वहिनीला वय विचारून दोन्ही पडद्यावर टाकलं. डॉक्टर शीर शोधत होता आणि ती सापडत नव्हती. पाणी आटलेल्या लेकरांच्या शिरा मिटून जातात. एका हाताला टोचलं, दुसऱ्या हाताला टोचलं, मग पायाला. भाची रडलीही नाही. वहिनी भिंतीला टेकून डोळे मिटून त्रिसरण म्हणत होती, फक्त ओठ हलत होते.

प्रिंटरमधून कागद आला. मी तो सिस्टरच्या आधी ओढून घेतला.

आकडा फार मोठा होता. माझ्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट.

तक्त्याबाहेरचा आकडा असाच दिसेल, हे मी इतके दिवस स्वतःला सांगत आले होते. वजन बरोबर छापलं होतं, खाट बरोबर होती, आणि शेवटच्या ओळीत हा आकडा. मी कागद उलटा करून त्यावर गणित केलं. माझं उत्तर निम्मं आलं. पुन्हा केलं. पुन्हा निम्मंच.

"शीर मिळाली," डॉक्टर म्हणाला. "सिस्टर, थेंब किती?"

"थांबा," मी म्हणाले. "मशीनचा आकडा चुकलाय. मॅडमना बोलवा."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. सिस्टरने पाहिलं. वहिनीने डोळे उघडले. मॅडम पलीकडच्याच खाटेजवळ होत्या. त्या आल्या, माझ्या हातातून कागद घेतला, छापील बाजू वाचली, मग माझं गणित वाचलं. खिशातून पेन काढून त्याच्या शेजारी स्वतःचं केलं. मला त्यांच्या पेनाकडे बघवेना.

"वय किती धरलंस?" त्यांनी विचारलं.

"दहा-अकरा महिने."

मॅडम वहिनीकडे वळल्या. "मुलीला वर्ष झालं का?"

"मागच्या महिन्यात झालं," वहिनी म्हणाली. "तेराव्यात हाये."

"वर्षाच्या आतल्याला सावकाश देतो आपण. वर्ष झालं की भरभर," मॅडम म्हणाल्या. "मशीनचा आकडा बरोबर आहे. माझाही तोच येतो. सोड." डॉक्टरने चकती फिरवली. त्यांनी कागद खाटेला अडकवला आणि मला म्हणाल्या, "तू बाहेर बस."

तिच्या वाढदिवसाला मी गेले नव्हते. कागदावर छापलेलं वय मी वाचलंच नव्हतं; माझ्या लेखी ती अजून तान्हीच होती.

बाहेरच्या बाकावर भाऊ बसला होता. त्याला आत येऊ दिलं नव्हतं, पण दारातून त्याने सगळं ऐकलं होतं.

"काय झालं ताई? मशीनचं काई चुकलं का?"

"नाही. माझंच चुकलं."

"मंग तोंड काऊन उतरलं तुह्यं?"

तिचं वय मी चुकीचं धरलं होतं, ते त्याला सांगितलं.

"मी तं बिनघोर होतो," तो म्हणाला. "येता येता हिले म्हटलं, ताईनं बनवलेलं मशीन हाये तिथं. आता तूच भेली, तं मले भेव लागून राह्यलं."

मशीन बरोबर आहे असं मी त्याला पुन्हा सांगितलं. ते खरं होतं, मॅडमनी हाताने करून पाहिलं होतं. पण माझाच आवाज मला परका वाटत होता. आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो. आतून कुणाचं तरी लेकरू रडलं की तो अर्धा उठायचा, आपलं नाही हे कळलं की परत बसायचा. मी मनात थेंब मोजायचा प्रयत्न करत होते आणि आकडा सारखा विसरत होते.

बऱ्याच वेळाने वहिनी बाहेर आली. तिच्या लुगड्याचा पुढचा भाग ओला होता. ती आमच्यासमोर उभी राहिली. भाऊ अर्धा उठला.

"मुतली," वहिनी म्हणाली. "माह्या अंगावर मुतली."

भावाला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. आटलेल्या अंगात पाणी भरलं, मूत्रपिंडं कामाला लागली, म्हणजे लेकरू वाचलं. वॉर्डातल्या प्रत्येक आईला मॅडम हेच सांगायच्या, की लघवी झाली की मला हाक मारा. मी भावाला सांगितलं तेव्हा त्याने टोपी काढून तोंडावर धरली आणि तसाच बसून राहिला.

मॅडम हात पुसत बाहेर आल्या आणि बाकावर माझ्या शेजारी टेकल्या. मी त्यांना त्या वॉर्डात बसलेलं क्वचितच पाहिलं होतं.

"चुकीच्या वेळी थांबवलं मी," मी म्हणाले.

"शंका आली तर थांबवायचंच," त्या म्हणाल्या. "शीर तेव्हाच मिळाली होती, फार वेळ गेला नाही. पण घरचं लेकरू असलं की गणित दुसऱ्याकडून करून घे. माझ्या मुलाला मी कधी साधी गोळीसुद्धा मोजून दिली नाही. त्याचे बाबा द्यायचे."

"तुम्हाला भीती वाटते, मॅडम?"

"रोज," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

कागदावर पडताळायचा नियम त्यांनी पुढे कधीच काढला नाही. मी तिथे होते तोवर तो प्रोग्राम चालला, आणि त्यात काहीही बदलायचं झालं की मी आधी दरवाजा आतून लावून घ्यायचे. कंपायलर काही बोलला की घाबरायचे, नाही बोलला की जास्त घाबरायचे. या भीतीची सवय झाली असं मला म्हणता येणार नाही. फक्त ती असतानाही काम करता येतं, एवढं कळलं.

भाचीला सुट्टी मिळाली त्या दिवशी मी त्यांना देवळीच्या बसवर पोचवायला गेले. भाऊ तिकडे पिशवी टपावर चढवत होता. भाचीने वहिनीच्या कडेवरूनच माझा चष्मा ओढला आणि तो काढून घेताना आमची दोघींची चांगलीच झटापट झाली. वहिनी खिडकीशी बसली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "ताई, किती वाळल्या तुमी. आता घरी जाऊन पयले जेवून घ्या."